डाव्या हाताचा पेन

माझं अक्षर वाईट आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कोराडीला एका ऑफिसात मी आवक-जावकचं रजिस्टर लिहायचे. साहेबांना बॉलपेन चालत नसे, शाईच हवी. ते महिन्यातून एकदा रजिस्टर उघडत आणि हे बाईंनी लिहिलं की कोंबडीनं, असं सगळ्यांसमोर विचारत. मी हसायचे. हसण्यावारी नेलं की साहेब लवकर जातात, एवढं नोकरीत शिकले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बॉलपेन तोवर पानठेल्यावरही मिळू लागले होते. सीताबर्डीवरच्या एका दुकानात मात्र काचेच्या कपाटात एक शाईचा पेन होता. काळा, जाडसर, टोपणावर सोनेरी पट्टी, आणि निब खऱ्या सोन्याची. बाहेरच्या देशातून आलेला. किंमत ऐकून मी दुकानदाराला पुन्हा विचारलं, कारण माझा निम्मा पगार त्यात गेला असता. तरी चार महिने मी त्या कपाटासमोर थांबत राहिले. असा पेन हातात आला की अक्षर आपोआप सुधारेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भाजी बिघडली म्हणून कढई बदलायची, तसला प्रकार.

घरी विषय काढला. आम्ही सक्करदऱ्याला राहायचो, आई, बाबा आणि मी. आईने कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"सोनंच घ्याचं असन तर कानात घाल वं," ती म्हणाली. "कागदावर काहून घासतं?"

बाबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पगार तुझा, तू बघ, असा त्यांचा चेहरा होता.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले आणि दुकानात गेले. दुकानदार म्हातारे होते, डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांचे पेन दुरुस्त करत बसायचे. त्यांचा नियम होता की महागाचा पेन लिहून बघितल्याशिवाय विकायचा नाही. सोन्याची निब एकाच हाताच्या वळणाला घासत जाते, मग ती दुसऱ्याच्या कामाची राहत नाही, म्हणून आधी नीट बघा, असं ते प्रत्येकाला सांगत. त्यांनी पेन पुढे केला. मी तो डाव्या हाताने घेतला आणि उजव्या हातात दिला. हे मी दिवसातून कितीदा तरी करत असेन, करताना कळतही नव्हतं. त्यांना कळलं.

उजव्या हाताने मी माझं नाव लिहिलं. निब कागदावर खरखरली आणि कोंबडी होती तशीच उमटली.

"ताई, घेतला त्या हातानं लिहून पाहा," ते म्हणाले.

मी त्या हाताने लिहीत नाही, असं मी सांगितलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

दुसरीत येईपर्यंत मी डाव्याच हाताने लिहायचे. मग आमच्या वर्गाच्या मास्तरांनी घरी तक्रार पाठवली की पोरगी सरस्वतीचा अपमान करते. बाबा दुसऱ्या शाळेत शिकवत. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, असा त्यांनी निरोप दिला आणि घरी स्वतः कामाला लागले. आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी काढून ते माझा डावा हात खाटेच्या पायाला बांधत आणि समोर पाटी ठेवत. ते दुष्ट नव्हते. सोडताना मनगटाला तेल चोळून देत. दिवाळीपर्यंत बांधणं बंद झालं, कारण गरजच उरली नाही. पुढे मला बघायला मंडळी येऊ लागली. ती नाव लिहून दाखवायला सांगत, तेव्हा बाबा आधी आत येऊन हळूच बजावत, उजव्या हातानं बरं. मी उजव्या हाताने नाव लिहायचे, मंडळी कागद बघत, पोहे संपवत आणि कळवतो म्हणून जात.

दुकानात त्या दिवशी मी पेन डाव्या हातात धरला. वीस वर्षांनी. पहिल्यांदा वाटलं, आता काहीतरी सुंदर उमटेल. इतकी वर्षं दाबून ठेवलेला हात, त्याच्यात खरं अक्षर असणारच. मी नाव लिहिलं. अक्षरं बोराएवढी, गोल, एकमेकांना धक्के देणारी, शिरोरेषा वर चढत गेलेली, आणि सगळ्यावरून तळव्याने शाई फासलेली. दुसरीतल्या पोरीचं अक्षर होतं ते. उजव्या हाताने निदान नोकरी केली, बोलणी खाल्ली. हा अजून खाटेजवळच बसून होता. मला तिथेच रडू आलं, आणि दुकानदारांनी पाण्याचा ग्लास पुढे केला याची लाज वाटली ती वेगळीच.

ते मात्र भिंगातून त्या बोरांकडे बघत होते. रेघ कुठे अडकली नाही, असं ते म्हणाले. उजव्या हातासाठी हा पेन घेतलात तर वाया जाईल आणि डावा अजून तयार नाही, म्हणून आज घेऊ नका, आधी त्याला शिकवा. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. हात दाखवून अवलक्षण, असं पुटपुटत मी बाहेर पडले आणि शेजारून एक दुरेघी वही आणि पेन्सिल घेतली.

त्याच संध्याकाळी मी व्हरांड्यात बाबांच्या खुर्चीसमोर चटई टाकून डाव्या हाताने अ आ इ ई काढायला बसले. मुद्दामच. आत बसूनही लिहिता आलं असतं, पण लपून लिहायचं वय गेलं होतं. आई म्हणाली, शेजारचे बघून राहिले, अजून तुझं जमायचं आहे. बघू दे, असं मी म्हटलं. बाबांनी पेपर थोडा वर धरला. दुसऱ्या दिवसापासून ते चहा आत घेऊ लागले.

दोन आठवडे असेच गेले. पेनचं तर मी विसरूनच गेले होते. मला भीती एकच होती, की बाबा एखाद्या संध्याकाळी येऊन नुसतं "पुरे" म्हणतील आणि मी वही मिटून टाकीन. ऑफिसात पगार घेणारी, बसने एकटी कोराडीला जाणारी बाई, आणि बापाच्या एका शब्दावर हात आवरेल, हे मला पक्कं माहीत होतं. याचाच मला जास्त राग येत होता.

शेवटी ते आलेच. माझ्या मागे उभे राहिले. माझा तळवा शिसाने काळा झाला होता आणि मनगट आकड्यासारखं वाकलं होतं. तीस वर्षं पोरांची अक्षरं वळवलेल्या माणसाला ते बघवेना असं दिसलं. ते गुडघ्यावर हात ठेवत खाली बसले, माझ्या पुढ्यातली वही दोन्ही हातांनी धरली आणि तिचं वरचं टोक उजवीकडे कलतं केलं.

"आता लिही."

मी लिहिलं. हात ओळीच्या खाली आला. अक्षर पुसलं गेलं नाही.

"इतकंच होतं," बाबा म्हणाले. मग वही न सोडता म्हणाले, "मले तवा माहीत नव्हतं. मी कोणाले इचारलंच नाही."

मी पुढची ओळ लिहायला घेतली. त्या दिवसापासून ते रोज वरच्या ओळीत कित्ता घालून द्यायचे आणि मी खाली पान भरायचे. ळ ची गाठ, क्ष चा पाय, सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते चुकांवर गोल करायचे आणि मी भांडायचे. थंडीपर्यंत माझं अक्षर पाचवी पास झालं असेल, आणि ऑफिसातलं रजिस्टरही मी डाव्याच हाताने लिहू लागले. साहेबांनी रजिस्टर उघडून काहीच न म्हणता मिटलं तेव्हा मी बाबांना सांगितलं, आता पेन घेते. तेही येतो म्हणाले.

धुतलेली टोपी घालून ते माझ्यासोबत सीताबर्डीला आले. शनिवारची गर्दी होती, चार-पाच माणसं काउंटरला टेकली होती. दुकानदारांनी मला ओळखलं, पण मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ते म्हणाले, "ही माझी मुलगी. डाव्या हातानं लिहिते. तिच्या हाताले चालन असा पेन दाखवा."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, राग आला. एवढंसं तर वाक्य होतं. आमची शाळा बाबांच्या सायकलवर दहा मिनिटांवर होती. तिथे जाऊन हेच वाक्य दुसरीच्या मास्तरांना म्हणता आलं असतं.

दुकानदारांनी तोच काळा पेन कपाटातून काढून पुढे ठेवला. मी बाबांकडे न बघता तो डाव्या हाताने उचलला, कागद कलता केला आणि नाव लिहिलं. या वेळी पूर्ण लिहिलं. आधी माझं, मग बाबांचं, मग आडनाव. दुसरीत आम्ही नुसतं आपलं नाव लिहायचो, त्यामुळे बाबांचं नाव डाव्या हाताने लिहायची ती माझी पहिलीच वेळ. तिथे हात जरा थांबला, पण शाई फासली गेली नाही.

बाबा वाकून बघत होते. "चांगलं आलं," ते म्हणाले.

माझा राग गेला नव्हता. मी दुकानदारांना म्हटलं, हाच द्या.