विलिमायना सिस्टरचं वाचन

डॉक्टर सामिसोनींचं अक्षर वाचता येईल असं आमच्या बेटावर एकच माणूस होतं, ते म्हणजे विलिमायना सिस्टर. खुद्द डॉक्टरांनाही स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी लागत नसे.

ती आमच्या वॉर्डात येण्याआधी आम्ही नर्सनी फार हाल सोसले. एकदा तापाच्या एका पेशंटच्या कागदावर डॉक्टरांनी 'बेटर', म्हणजे बरा आहे, असं लिहिलं होतं. आम्ही तिघींनी मिळून ते 'बिटन', म्हणजे चावलंय, असं लावलं आणि अख्खी सकाळ त्या बिचाऱ्याच्या अंगावर चावा शोधत बसलो. त्याला विचारलं, "कुत्रा कोणाचा होता?" तो म्हणाला, "कुठला कुत्रा?" आम्हाला वाटलं, तापात बरळतोय.

मग राजधानीतून, सुवाहून, बदली होऊन विलिमायना आली. दारातून आडवं होऊन शिरावं लागे अशी धिप्पाड बाई, केसांत कानामागे जास्वंद, आणि हसली की औषधांच्या कपाटाच्या काचा थरथरत. पहिल्याच दिवशी तिने एक कागद हातात घेतला, डोळे बारीक केले आणि धडाधड वाचून दाखवला. आम्ही बघतच राहिलो.

"सिस्टर, हे तुम्हाला कसं लागलं?" मी विचारलं.

"रागनी, अक्षर वाचायचंच नसतं. माणूस वाचायचा. ही ओळ बघ, खाली घसरलीय. म्हणजे बायकोशी भांडून आलेत. भांडून आले की ते गोळ्याच लिहितात, इंजेक्शन लिहीत नाहीत. आणि इथे पेन दाबलंय. पेन दाबलं की काम गंभीर."

तिचं हे शास्त्र बहुतेक वेळा खरं ठरे, आणि जिथे शंका असे तिथे ती डॉक्टरांना विचारून घेई. पण जसजसं नाव होत गेलं तसतसं विचारणं कमी झालं. बाजारात दालोचे कंद विकणाऱ्या बायका तिला हाका मारून मुलांची पत्रं वाचून घेत. पाद्रीबुवा तर एका रविवारी प्रार्थनेआधी धावतपळत आले आणि स्वतःच लिहिलेलं प्रवचन तिच्याकडून वाचून घेऊन गेले. एवढं झाल्यावर कोणाचं डोकं जागेवर राहील?

त्यात आपिसाई आमच्याकडे दाखल झाला. पन्नाशीचा गडी, गावप्रमुखाच्या वतीने सभेत बोलण्याचा मान त्याच्या घराण्याकडे, त्यामुळे तोंड सतत चालू. प्रवाळावर पाय कापून सुजला होता. त्याचं गाव आणि विलिमायनाचं गाव यांचं पूर्वापार चेष्टेचं नातं. अशा दोन गावांच्या माणसांनी एकमेकांना काहीही बोलावं, राग मानायचा नाही, अशी आमच्याकडची रीतच आहे.

"अगं, तुमच्या गावाला खेकडे पकडता येत नाहीत, तू माझी शीर काय पकडणार?" तो म्हणायचा.

"तुझी शीर सापडेल रे. चरबीत कुठेतरी असेलच," ती सुई उगारून म्हणायची.

त्या शुक्रवारी सकाळी डॉक्टरांना बोटीने पलीकडच्या बेटांवर तपासणीला जायचं होतं. त्यांनी घाईत फेरी मारली, आपिसाईचा पाय पाहिला, कागदावर काहीतरी खरडलं आणि धक्क्याकडे पळाले. खरडलेली होती तीन अक्षरं. शेवटची दोन 'बी' आणि 'एम', हे मलासुद्धा लागलं. पहिलं म्हणजे दोन उभ्या काठ्या आणि मध्ये एक फराटा.

"एन बी एम," विलिमायना म्हणाली. "तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. सलाइन लाव."

"पण सिस्टर, त्याची सूज तर उतरलीय. आणि ऑपरेशन करणारेच बोटीत बसून गेले, मग याला उपाशी कशाला ठेवायचं?"

"पेन किती दाबलंय बघ. कागद फाटायचा बाकी आहे."

"फोन करून विचारू या का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सलाइन आणायला गेले.

दुपारी आपिसाईची बायको तोरिका नारळाच्या दुधात शिजवलेली मासळी आणि उकडलेला कसावा घेऊन आली. विलिमायनाने टोपली दारातच अडवली.

"उपाशी ठेवायचंय त्याला. डॉक्टरांचा हुकूम आहे."

"का? काय करणार आहेत त्याला?"

"ते डॉक्टर आल्यावर सांगतील."

तोरिकाने नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि टोपली घेऊन तशीच परत फिरली. ती घरी पोचेपर्यंत सगळ्या बेटावर झालं, आपिसाईचा पाय कापणार!

दुपार कलायच्या आत दोन ट्रक भरून गाव आलं, टोपली घेऊन तोरिकाही. व्हरांड्यात चटया पडल्या. चर्चची गाणारी मंडळी खिडकीखाली उभी राहून इतकी करुण गाणी म्हणू लागली की शेजारच्या खाटेवरचा दम्याचा म्हातारा मला म्हणाला, "पोरी, मी गेलो की काय?" आपिसाईच्या सख्ख्या भावाने सोबत उपास धरला. चुलतभाऊ सुतार होता, तो झाडाखाली बसून कुबडी तासायला लागला आणि माप घ्यायला मधूनमधून खिडकीत येऊ लागला.

"दादा, जरा हात वर कर. हां. डावीकडचीच ना?"

आपिसाईचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं होतं. पोटात आग आणि डोळ्यांत पाणी. हळूच विलिमायनाला म्हणाला, "कापा काय कापायचं ते, पण त्याआधी एक घास तरी दे गं. उपाशीपोटी पाय तोडणं हे तुमच्याच गावाला शोभतं."

विलिमायना त्याला चेष्टेने उत्तर देईना. ती पुन्हापुन्हा तो कागद घ्यायची, उजेडात धरायची, खाली ठेवायची. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाव फोन."

पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्यात फोन लागला, पण आवाज इतका बारीक की मला मोठ्या आवाजाचं बटण दाबावं लागलं. खिडकीखालचं गाणं थांबलं. सगळं गाव कान देऊन उभं.

"एन बी एम?" डॉक्टर ओरडले. "मी कशाला लिहू एन बी एम? चांगला बरा झालाय तो! मी एच लिहिलाय, एच! एच बी एम!"

"एच बी एम म्हणजे काय, डॉक्टर?"

"होम बाय मंडे! सोमवारपर्यंत घरी सोडा!"

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" विलिमायनाने विचारलं.

"पुस्तकात नाही, माझंच आहे ते. वेळ वाचतो."

"आणि पेन का दाबलं होतंत?"

"बोटीचा भोंगा वाजत होता, बाई!"

विलिमायनाने फोन ठेवला. तिला डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडता आली असती, आणि आम्ही सगळ्यांनी साथ दिली असती. ती व्हरांड्यात गेली, चटईवर सगळ्यांत खालच्या जागी बसली आणि म्हणाली, "पाय कापायचा नाही. मी चुकीचं वाचलं. रागनी विचारू या म्हणत होती, मी ऐकलं नाही."

मग उपाशी भाऊ म्हणाला, "टोपली कुठाय?"

आपिसाई जेवला तो पाहण्यासारखा. तोंडात घास असतानाच त्याला बोलणंही परत फुटलं, आणि विलिमायनाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. सुतार तेवढा हिरमुसला होता. कुबडी फार सुबक झाली होती.

पण चूक झाली की आमच्याकडे रीतसर माफी मागावी लागते. ती कोणी मागायची यावर म्हाताऱ्यांचा वाद पेटला. एक म्हणे, वाचणारीने. दुसरा म्हणे, लिहिणाऱ्याने. शेवटी ठरलं, दोघांनी.

रविवारी डॉक्टर परतले तसे त्यांना धक्क्यावरूनच उचलून आणलं. दोघं चटईवर शेजारी बसले, समोर यांगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळांची जुडी ठेवली. डॉक्टर तसे भले गृहस्थ, मान खाली घालून त्यांनी मनापासून माफी मागितली. मुळं कुटून कालवली, वाट्या फिरल्या. आपिसाईने भाषण केलं, ते अर्थातच लांबलं, आणि शेवटी म्हणाला, "माफी पोचली. पण डॉक्टरांनी ती लिहूनही द्यावी. सगळ्यांना वाचता आली पाहिजे."

डॉक्टरांनी जीभ बाहेर काढून, सावकाश एक ओळ लिहिली. कागद सगळ्या व्हरांड्यातून फिरला. पाद्रीबुवांनी उलटा धरून पाहिला. तोरिकाला त्यात बोट दिसली. शेवटी कागद विलिमायनापुढे आला.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला विचारू नका. ज्याने लिहिलं तो समोर बसलाय."

गाव हसून हसून लोळलं. डॉक्टरही.

दुसऱ्या दिवसापासून विलिमायनाने नेम केला. डॉक्टर लिहायचे, ती शेजारी उभी राहून त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यायची. एखादं अक्षर सुटलं तर ते जेवत असले तरी फोन. त्रासून त्यांनी अखेर अक्षर थोडं सुधारलं.

गेल्या वर्षी त्यांची सुवाला बदली झाली. निरोपाला विलिमायना ओक्साबोक्शी रडली. मी म्हटलं, "सिस्टर, आता सुटलात की! नवीन डॉक्टर मोत्यासारखं लिहितात."

"सुटले कसली?" ती नाक पुसत म्हणाली. "आता दिवसभर नुसतं नर्सचंच काम करायचं."