बांधाखाली उतरणारे शिंगाडे साहेब

मी सिंचन खात्यात रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी कानावर आलं, "शिंगाडे साहेबांच्या हाताखाली जाताय? फार भित्रे आहेत हो ते!" आज श्री. विठ्ठलराव शिंगाडे साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले आणि नेमका तोच शब्द आठवला. साहेबांची क्षमा मागून तोच धरून पुढे जाते.

त्यांची माझी पहिली ओळख टेंभुर्णीपलीकडच्या एका पाझर तलावावर झाली. लहानसा मातीचा बांध, मागे पाणकणसांनी भरलेली पाणथळ, बगळे. मी हौसेने बांधावर चढले. साहेब मात्र पाठ फिरवून खालच्या ओढ्यात उतरले. म्हणाले, "वर काय बघायचंय? खाली कोण निजतं ते बघू या की."

खाली मेंढपाळांची वस्ती निघाली. कागदोपत्री तिथे नुसती शेतजमीन होती, म्हणून तलाव 'कमी धोक्याच्या' वर्गात. हा वर्ग बांधाच्या मजबुतीवरून ठरत नाही. बांध फुटलाच तर कोणाच्या जिवावर बेतेल, यावरून ठरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, साहेबांनी चुलींपाशी उभं करून शिकवलं. तलाव 'जास्त धोक्याच्या' वर्गात घालायचा त्यांनी आग्रह धरला तेव्हा वरिष्ठ हसले, "बांधाला साधी चीर नाही, शिंगाडे!" साहेब म्हणाले, "बांधाला नाही, पण त्याच्या पायाशी पोरं आहेत." वर्ग बदलला. वस्ती काही हलली नाही.

बांधातून झिरपणाऱ्या ओलीवर तिथे गवत उगवतं. वस्तीतल्या पारूबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यातबी कोकरांना हितं चारा हाय. आमी जायाचं कुटं, सायेब?" साहेबांनी वाद घातला नाही. झिरपणारं पाणी पेल्यात धरून दाखवलं. "नितळ हाय तवर ठीक. गढूळ आलं की समजायचं, बांध आतनं माती सोडतोय. भांडीकुंडी टाकून वरच्या माळावर पळायचं."

साहेब निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यात पारूबाईंचा त्यांना फोन आला, "पाणी चहावानी दिसतंय." साहेबांनी मला कळवलं. वाळू-खडीचा ट्रक घेऊन मी पोचले तर साहेब आधीच हजर, दोन्ही काखांत कोकरं धरून म्हाताऱ्यांना माळाकडे हाकत होते. त्या ओल्या जागेवर आम्ही वाळू आणि खडीचे थर घातले, म्हणजे पाणी निघून जातं पण माती अडते. मातीचा जरा आवाज झाला की मी वर बांधाकडे बघायचे. बांध टिकला. दुसऱ्या दिवशी वस्तीतले काहीजण हसले, "सायबानं उगाच पळवलं की!" मला मात्र अजून हसू येत नाही.

साहेबांच्या पंचाहत्तरीचा सत्कार गावकऱ्यांनी त्याच वस्तीशेजारच्या मोकळ्या जागेत ठरवला होता. तलाव काठोकाठ भरलेला. साहेबांनी साफ नकार दिला, "एवढी माणसं तलावाच्या पायाशी बसवून मला हार घालणार?" तेव्हा मांडव माळावर हलवला. संयोजक कौतुकाने म्हणाले, "बघा साहेब, एका दुपारीत सगळं वर आणलं!" साहेबांनी खाली पाहिलं. पारूबाईंच्या छपरातून धूर निघत होता. "मांडव एका दुपारीत वर येतो," ते हळूच म्हणाले, "मग ती माणसं अजून खाली का?"

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. वस्ती माळावर आलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. तोवर बांधाने दम धरावा.