वहीवरची तीन नावं

सरांनी माझी वही दोन बोटांत धरून वर केली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तशी. वर्गात साठ-सत्तर जण होते.

"यावर तीन नावं आहेत," सर म्हणाले. "सुनंदा आणि वैजयंती, या आपल्याच वर्गातल्या. ही हौसाबाई कोण? कुठल्या बाकावर बसते?"

मी उभी राहिले. "आमच्या हॉस्टेलवर स्वयंपाक करतात, सर."

मागचे बाक हसले. ते कशालाही हसतात, त्यांचं सोडा. पण दुसऱ्या बाकावरची रुचापण हसली. तोंडावर रुमाल धरून, मला वाईट वाटू नये याची काळजी घेत हसली. पांढरा रुमाल, कडेला निळी वेल. खरं सांगते, एवढी लाज चाललेली असताना मला तो रुमाल आवडला. मला तसा हवा होता.

"म्हणजे आता भाकऱ्या थापणाऱ्या बाई लिनियर अल्जेब्रा शिकवणार," सर म्हणाले. "तीन वह्या, डोकं एक. तेही स्वयंपाकघरातलं. तिघींना शून्य."

पुन्हा हशा. आणि मग मी तोंड उघडलं. काय बोलले ते लपवणार नाही.

"चुकून लिहिलं, सर. त्यांचा काही संबंध नाही."

सरांनी वही पुढे केली. मी माझ्याच पेनने, सगळ्यांच्या देखत, हौसाबाईचं नाव खोडलं. एक रेघ पुरली असती. मी चार मारल्या.

आता आधीचं सांगते. मी झरीची, तलासरी तालुक्यातली. डहाणूच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, मुलींच्या सरकारी हॉस्टेलवर राहते. या विषयाच्या पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाला दोन पानी कागद दिला. वर ठळक छापलेलं, नियम आणि अपेक्षा. खाली सगळं इंग्रजीत. सरांनी एकेक नियम वाचून मराठीत सांगितला. हजेरी पंचाहत्तर टक्के. वही उशिरा आणली तर घेणार नाही. शंका असेल तर गुरुवारी तीन ते चार केबिनमध्ये या. चार गृहपाठ, प्रत्येकी दहा गुण. चाळीसपैकी सोळा नाहीत, तर नापास.

नापास झालं की हॉस्टेलची जागा जाते. हे त्या कागदावर नव्हतं. आम्हाला ते न छापता पाठ होतं. जागा गेली की झरीला परत, आणि आमच्या पाड्यावरची जी परत आली ती पुन्हा कॉलेजला गेलेली मी तरी बघितली नाही.

त्या कागदातला सहावा नियम मला फार आवडला. गृहपाठावर एकत्र बसून चर्चा करायला हरकत नाही. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा आणि ज्यांची मदत झाली त्यांची नावं वर लिहा.

मला वाटलं, अरे, ही तर सावड! आमच्याकडे भाताची लावणी सावडीनेच होते. आज पाच घरं माझ्या शेतात, उद्या मी त्यांच्या. मजुरी नाही, काही नाही, हाताला हात. दुपारी जेवायला बसलं की आई आधी एकेकाचं नाव घेते, कोण कोण आलं त्यांचं. कुणी दोन पेंढ्या रोपं नुसती बांधावर आणून टाकली असतील तरी त्याचं नाव घेते. लहानपणी मी भुकेने घाई केली की हातावर चापट बसायची. "आधी नाव घे गे, मग घास घे. बिननावाचा घास चोरीचा."

कॉलेजातही हाच नियम आहे बघून मला बरं वाटलं होतं. पहिल्यांदाच कॉलेजातली एखादी गोष्ट घरची वाटली.

पहिल्या गृहपाठात तीन समीकरणांचं एक गणित होतं. रविवारी दुपारी सुनंदा, वैजू आणि मी हॉस्टेलच्या जेवणाच्या खोलीत फरशीवर खडूने ते मांडून बसलो. आकड्यांच्या तीन ओळी. पहिली दोन, एक, तीन, पाच. तिसरी चार, दोन, सहा, दहा. आम्ही दोन तास वजाबाक्या करत होतो आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. वैजू रडकुंडीला आली. हौसाबाई फरशी पुसायला फडकं घेऊन उभी होती. आमचं संपेना, म्हणून बघत राहिली.

"ही खालची वळ त्या वरच्या वळीच्या दुप्पट हाय ना गे?" ती म्हणाली. "पन्नास पोरींचं पीठ नि शंभर पोरींचं पीठ. सैपाक तर एकच. मंग दोन दोन येळा कशाला मांडला?"

आम्ही तिघींनी पुन्हा त्या ओळी बघितल्या. मग सुनंदा ओरडलीच. तिसरी ओळ नवं काहीच सांगत नव्हती. म्हणजे उत्तर एक नाहीच, हवी तेवढी उत्तरं आहेत. गणित पाच मिनिटांत सुटलं. प्रत्येकीने आपापल्या शब्दांत लिहून काढलं. नावं लिहिताना वैजू म्हणाली, हौसाबाईचं कशाला? मीच म्हणाले, लिही, नियम आहे. हौसाबाईलाही दाखवलं, हे बघ तुझं नाव. तिने ओल्या हाताने वहीला शिवायचं टाळलं. वाकून नुसतं बघितलं.

आणि तेच नाव मी खोडलं.

सर नंतर म्हणाले, माफीपत्र द्या, नक्कल केली असं लिहून द्या, पाच गुण देईन. सुनंदाने आणि वैजूने दुसऱ्याच दिवशी दिलं. मी दिलं नाही. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. मला रुचाला दहा मिळाल्याचं सहन होत नव्हतं. तिला दहा, आणि मला माफी मागून पाच?

रुचाबद्दल सांगायलाच हवं. वाणगावची, वडिलांच्या चिकूच्या वाड्या, ते स्वतः तिला गाडीने सोडायला येतात. मी तिचा इतका हेवा करते की तिच्या कंपासपेटीत काय काय आहे ते मला तोंडपाठ आहे. तिच्या वहीला लावलेलं खाकी कव्हर कधी फाटत नाही. सरांशी बोलताना ती खांदा झुकवत नाही. "सर, एक मिनिट हं," असं म्हणते आणि सर खरोखर थांबतात. मी कधी सरांना थांबवलेलं नाही. माझ्यासाठी एस.टी.पण थांबत नाही.

दुसरा गृहपाठ आला. मी फरशीवर बसलेच नाही. सुनंदाने बोलावलं तरी गेले नाही. सरळ रुचाकडे गेले आणि वही मागितली. वाटलं होतं नाक मुरडेल, मग मला तिचा राग तरी धरता येईल. तर कसलं काय!

"घे ना, त्यात काय एवढं," ती म्हणाली. "मी तरी कुठे केलंय? वाणगावला क्लास आहे ना, तिथले सर फळ्यावर सगळं लिहून देतात. आम्ही उतरवतो."

"मग तू त्यांचं नाव लिहितेस वर?"

ती हसली. "वेडी आहेस का?"

मी व्हरांड्यात बसून वही उतरवली. एक ओळ कळली नाही. ओळीमागून ओळ, तिचं अक्षरसुद्धा उतरवलं, तिच्यासारखी सातच्या पोटात आडवी रेघ मारली. वर नाव फक्त माझं.

दहापैकी नऊ.

सरांनी ही वहीदेखील वर धरली. या वेळी पूर्ण हाताने. "बघा," ते म्हणाले, "स्वतः मेहनत केली की कसं जमतं. पहिल्या वेळी शून्य मिळालेली मुलगी आहे ही." मागचे बाक टाळ्या वाजवत होते. रुचाने मागे वळून मला डोळा मारला. आणि काय सांगू, मला आनंद झाला. तिच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आता शिसारी येते, पण तेव्हा आनंदच झाला होता.

त्या दिवशी जेवायला गेले तर हौसाबाई वाढत होती.

"गे पोरी, आपल्या त्या गणिताला किती मिळालं? तू सांगितलंच नाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा."

"दहातले दहा?" तिने पळी भांड्यात ठेवली. "मी इवळवेढ्याला लेकीकडं गेलती. तिला सांगितलं, कालेजच्या वहीत माझा नाव लिवलाय. ती बोल्ली, आये, खोटा नको बोलू." मग तिने माझ्या ताटात न मागता दुसरी भाकरी टाकली.

मी घास तोंडात घातला. आईची चापट आठवली. मी तिचं नाव खाल्लं होतं, आणि वर तिच्याच हातची भाकरी खात होते. ज्या वहीत सगळं आमचं होतं तिला शून्य, जिच्यात माझं काहीच नव्हतं तिला नऊ. आणि मी त्या नऊवर खूश. हेवा करायचा तो निदान रुचाच्या डोक्याचा तरी करायचा होता! मी हेवा केला तिच्या न फाटणाऱ्या कव्हराचा. मला स्वतःचाच इतका राग आला की ताट तसंच ठेवून मी उठले.

गुरुवारी तीन वाजता दोन्ही वह्या आणि तो दोन पानी कागद घेऊन केबिनमध्ये गेले. शंकेच्या तासाला तिथे जाणारी मी एकटीच होते.

"सर, सहावा नियम वाचा."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "मीच लिहिलाय तो. नावं म्हणजे वर्गातल्यांची नावं."

"वर्गातल्या असं त्यात लिहिलेलं नाही. ज्यांची मदत झाली असं आहे. हौसाबाईंची झाली. तिसरी ओळ पहिलीच्या दुप्पट आहे हे त्यांनी दाखवलं. मी घाबरून नाव खोडलं."

सरांनी कागद बाजूला सारला. मग आवाज मऊ केला. "हे बघ, माफीपत्र दे. पाच देतो. हे नऊ आहेतच. चौदा झाले. पुढच्या दोन वह्यांत दोन गुण कुणालाही मिळतात. पास होशील. कशाला ताणतेस?"

चौदा. मीही मनात तोच हिशेब केला होता. दोन गुण म्हणजे काहीच नाही, आणि हॉस्टेलची जागा पक्की. सही करायला अर्धं मिनिट.

"हे नऊ माझे नाहीत, सर," मी म्हणाले. "ही वही पूर्ण उतरवलेली आहे. खोडा ते."

"कुणाची उतरवलीस?"

"नाव लिहिलं की शून्य मिळतं, सर. म्हणून नाव सांगत नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी नवावर फुली मारली, शेजारी शून्य काढलं. "आणि पहिल्याचं पण शून्यच राहील. नियम कसा लावायचा ते मी ठरवतो. मूर्ख मुलगी आहेस."

मी पहिली वही उघडली. चार रेघांखाली गाडलेल्या नावाशेजारी मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं, हौसाबाई. सरांच्या टेबलावर, सरांच्या समोर. मग बाहेर आले.

हॉस्टेलवर गेल्यावर हौसाबाईला खरं सांगितलं. दहा नाही, शून्य. तुझं नाव मी खोडलं होतं, परत लिहिलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. "खोडलास कशाला?" एवढंच म्हणाली. मी तिच्यासमोर बसून तांदूळ निवडायला लागले. तिनेही पुन्हा विचारलं नाही. सुनंदा मात्र चिडली. "तुला पास व्हायचंय की पुढारी?" ती म्हणाली. ती वहीवर हौसाबाईचं नाव लिहिणार नाही म्हणते. तिला पाच गुण टिकवायचेत, मी तिला दोष देत नाही. पण तिसऱ्या गृहपाठाला फरशीवर बसायला ती आली, वैजूही आली, आणि हौसाबाईने एक ओळ दाखवली.

रुचाचा हेवा गेला, असं मी सांगणार नाही. सांगितलं तर तीही नक्कलच होईल. गाडीतून उतरताना ती दिसली की अजून माझी नजर तिच्या वहीच्या कव्हरावर जाते. जाऊ दे. मला तिची वही नको आहे. सरांना थांबवणारा तिचा तो आवाज मात्र मला हवाय, आणि तो मी माझ्या तोंडून काढणार आहे.

उद्या तिसरी वही द्यायची. वर तीन नावं आहेत, पहिलं हौसाबाईचं. सरांनी ती खुशाल वर धरावी. ही कोण, असं विचारावं. मी उभी राहून सांगेन, कुठलं गणित, कुठली ओळ. फळ्यावर येऊन सोडवून दाखवेन, आणि कुणी हसलं तर म्हणेन, एक मिनिट हं.

दोन वह्या उरल्यात, वीस गुणांच्या. मला सोळा हवेत. ते मी घेणार, नावांसकट घेणार.