मरियमबीची सामानाची खोली

शारजाच्या त्या जुन्या इमारतीत कोणाचं बिऱ्हाड मोडायचं झालं की पहिला निरोप मरियमबीला जायचा. "आम्ही इथलं सगळं खलास करून निघालो, आमचा कुकर आणि गाद्या घेऊन जा." आणि कोणी नवं माणूस उघड्या फरशीवर संसार मांडून बसलं, तर दुसरा निरोपही तिलाच. मधल्या काळात ते सामान तिच्या मागच्या खोलीत मुक्कामाला असायचं. गाद्या, ब्लँकेटं, शिवणयंत्र, पाळणा, एकदा तर कोणाचं तरी देवघर.

मरियमबी मूळची दापोलीकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा नवऱ्याच्या, गनीभाईंच्या, खोलीत धड चटईही नव्हती. शेजारची केरळी बाई कायमची गावी चालली होती. तिने आपली कापसाची गादी मरियमबीच्या दारात आणून ठेवली आणि एकमेकींची भाषा येत नसल्यामुळे नुसती हसून निघून गेली. मरियमबीने त्यावरून मनाशी एक गोष्ट पक्की केली. या देशात कोणी कायमचं राहायला येत नाही, मग सामान तरी कायमचं कोणाचं? ती गादी मात्र तिने कोणाला दिली नाही. पुढे नवी गादी आली तेव्हा जुनी तिच्याखाली गेली, एवढंच.

एका वर्षी मोठ्या पावसात शारजाचे रस्ते तुंबले, इमारतीचं बेट झालं आणि तळमजल्यावरच्यांचं अंथरूण-पांघरूण पाण्यात गेलं. तेव्हापासून देणारे-घेणारे वाढले आणि खोली कधी रिकामी राहिली नाही.

गनीभाई दुबईतल्या अल कुसैसच्या एका गोदामात स्टोअरकीपर. रांग मोडून पुढे न जाणारा माणूस. ते बायकोला बजावत, "सामान घे, सामान दे, पण गवगवा नको. परवान्याशिवाय लोकांकडे मदत मागणं इथे गुन्हा आहे. आपला व्हिसा म्हणजे अळवावरचं पाणी."

गवगवा झाला तो घरातूनच. मुलगा राहिल एका ऑफिसात नोकरीला. आईच्या कौतुकाने त्याने त्या खोलीचा फोटो काढला आणि कोकणवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. 'गरजूंसाठी सामान द्या. माझी अम्मी पोचवेल.' खाली अम्मीचा नंबर. मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये असा पळाला की परत हाती लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची, अस्रची नमाज आटोपून मरियमबी उठत होती, तोच फोन वाजला. आवाज अरबी वळणाचा.

"मॅडम, तुम सामान जमा करता?"

"जी..."

"फोटो देखा. कल सुबह हम आएगा. दरवाजा खोलना."

फोन बंद. मरियमबीच्या हातातली तसबीहची माळ खाली पडली.

गनीभाई ट्रॅफिकमधून शिणून घरी आले आणि ऐकून मटकन बसले. "कोण होता?"

"नाव नाही सांगितलं."

"विचारायचं ना!"

"अरबाला 'तू कोण' म्हणून विचारायचं? तुम्ही विचारलंत कधी?"

गनीभाईंची उमेदीची सगळी वर्षं या देशात गेली, पण त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. उलटा फोन लावून खुलासा करून घ्यावा, हे तिघांच्याही मनात आलं. पण त्या नंबरावर बोट ठेवायला कोणी धजेना.

"अम्मी, आय डिलीटेड इट ऑलरेडी," राहिल म्हणाला.

"तुझ्या फोनातून काढलंस रे. लोकांच्या फोनातून कोण काढणार?"

व्हिसा गेला तर नोकरी गेली, घर गेलं. या वयात गावी जाऊन काय करायचं, हे दोघं नवरा-बायको एकमेकांना न विचारताच विचारत होते. शेवटी गनीभाई उठले. "खोली रिकामी करा. यल्ला, चला लवकर!"

समोरच्या घरात पुण्याचे राजन आणि विभावरी. मरियमबी पाळणा घेऊन दारात उभी राहिली, तशी राजनची नजर जिन्याकडे गेली. "भाभी, आम्हाला कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"सांगा, बायकोला पन्नाशीत दिवस गेलेत," विभावरी म्हणाली आणि पाळणा आत ओढून घेतला. कुकर, ब्लँकेटं, शिवणयंत्रही तिच्याकडेच गेलं. बाकीची दारं मात्र किलकिली होऊन पुन्हा मिटली.

राहिल्या गाद्या. त्या कोण घेणार? बाप-लेकांनी त्या खांद्यावर घेऊन इमारतीमागच्या कचऱ्याच्या डब्यांजवळ टाकल्या. थोड्याच वेळात भंगारवाल्याचा पिकअप आला आणि एकेक गादी वर चढली. मरियमबी खिडकीतून बघत होती. निळ्या चौकटीची, गावी परतलेल्या रोशनच्या बायकोची. फुलाफुलांची एका नर्सबाईंनी दिलेली, अजून प्लास्टिकही न काढलेली. पिकअप वळला तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

सकाळी बेल वाजली. गनीभाई रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, पासपोर्ट पुढ्यात ठेवून बसले होते. ते उठेनात, म्हणून मरियमबीने दार उघडलं. पांढऱ्याशुभ्र, पायघोळ कंदुऱ्यातला एक अरब गृहस्थ, मागे ड्रायव्हर. सलाम करून तो सरळ मागच्या खोलीपाशी गेला. खोली झाडून-पुसून लख्ख. त्याने फोनमधला फोटो पाहिला, पुन्हा खोली पाहिली.

"ये रूम? सामान किधर?"

"सामान नहीं साहब," गनीभाई चाचरत म्हणाले. "घर का थोडा..."

मरियमबीला खोटं बोलणं जमेना. "था," ती म्हणाली. "कल फेंक दिया."

"फेंक दिया? क्यों?"

विचारता विचारता त्याची नजर टेबलावरच्या पासपोर्टांवर गेली आणि त्याला सगळं उमगलं असावं. त्याने गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. तो शेजारच्या उम्म अल कुवैनच्या एका परवानाधारक मदत संस्थेचा माणूस. तिथे कामगारांची एक राहण्याची शेड जळली होती. माणसं वाचली, पण अंगावरच्या कपड्यानिशी सिमेंटवर झोपत होती. फोटोतल्या गाद्या बघून तो ऑफिसचा कागद आणि ट्रक घेऊन आला होता.

"मेसेज गलत है," तो कडक आवाजात म्हणाला. "परमिट नहीं, तो मांगना नहीं. फिर कभी नहीं. सामान हो, तो हमारे ऑफिस में फोन करो." मग रिकाम्या खोलीकडे बघत हळूच म्हणाला, "गद्दा बहुत ज़रूरी था, मॅडम."

मरियमबी विभावरीच्या दारी धावली. कुकर, ब्लँकेटं खाली उतरली. पण गाद्या? ती झोपायच्या खोलीत शिरली आणि पलंगावरची चादर तिने ओढून काढली.

"अगं, माझ्या कमरेचं काय?" गनीभाई ओरडले.

"कंबर शारजातच राहिली ना? शुक्र करा आणि ते टोक धरा."

वरची गादी गेली. राहिलने न सांगता आपली आणली. विभावरीने पाहुण्यांची पाठवली. तळाला ती कापसाची जुनी गादी उरली, मधोमध दबलेली. मरियमबीने तिच्यावर हात फिरवला, तिची गुंडाळी केली आणि स्वतःच घेऊन जिना उतरली.

ट्रकचा फाळका लागला. गाद्या पुरेशा नव्हत्या, हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. तो गृहस्थ पुढच्या सीटवर बसला. मरियमबी त्याच्या खिडकीपाशी गेली.

"साहब," ती म्हणाली, "आपका नाम क्या है?"

मागे गनीभाईंनी श्वास रोखून धरला.

"हमीद," तो म्हणाला. "कल फोन पर पूछना था, मॅडम."