मडक्यांमागची पाणीवाली

माझी बायको जमिनीशी भांडायची. कॅम्पात तिला सारे पाणीवालीच म्हणत. उमरेडकडच्या रानात सरकारी सर्वेची पार्टी तांबं शोधत होती. मी तार ओढायचो, ती डोक्यावर पाणी आणायची. काम असं, की तळातून पाझरणाऱ्या मडक्यांत मोरचुदाचं निळं पाणी भरायचं, मडकी खड्ड्यांत ठेवून तारेनं मशीनला जोडायची, आणि साहेबांनी काटा वाचायचा. भुई कोरडी असली की काटा धड दाखवत नाही, म्हणून आधी खड्डा भिजवायचा. उन्हाळ्यात पाणी टाकलं की जिरलंच. मग ही भुईवर ओरडायची, "ढोसून राहिली नुसती! बोल ना वं आता!"

साहेब म्हणत, "बाई, खड्डा ओला पाहिजे, तलाव नको."

"पाणी मी वाहून राहिली साहेब, तुमच्या घरचं काय जाते?"

साहेब भला माणूस. हसून सोडून द्यायचे.

पार्टी उठली की आमचं बिऱ्हाड उठायचं. तिला त्याचा वीट आला होता. कुठंच तिनं मातीची चूल घातली नाही, तीन दगडांवर भागवायची. मग एका टेकडीखाली काटा असा पडला की साहेबांनी पेढे वाटले. खाण निघणार, इथंच नोकरी लागणार, असं जो तो बोलू लागला. हिनं चूल घातली, पोतेरं फिरवलं. म्हणाली, "आता एका जागी राहाचं."

ड्रिलिंगचं मशीन आलं. खालून दगडाची काळी कांडी निघाली. साहेबांनी तिच्यावर बोट घासलं, बोट काळं झालं.

"ग्रॅफाइट आहे. पेन्सिलीत असतं ते. काटा याच्यावरही तांब्यासारखाच पडतो. मला वाटलं होतं..." साहेब बोट रुमालाला पुसू लागले.

"म्हंजे पेन्सिल निघाली? अन् माह्या नवऱ्याले तं सहीही येत नाही!"

सारे हसले. ती हसली नाही.

ट्रक आला तेव्हा तिनं आपलं गाठोडं वेगळं काढलं. "तुम्ही जा पार्टीसंगं. मी पोराईले घेऊन नागपूरले राहातो."

मी शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही. इतवारीच्या बाजारात मिरचीचे देठ खुडून तिनं खोली केली, पोरं शिकवली. हातांची आग व्हायची, म्हणून लहान्याला भरवायला शेजारणीला बोलवायची. मी तारा ओढत गावोगाव फिरलो. दिवाळीला यायचो, पाहुण्यासारखा बसायचो, निघून जायचो. असाच संसार झाला. कोणाचं चुकलं, ते बोलायचा आता कंटाळा येतो.

रिटायर होऊन आलो. आठवडा झाला आणि तिनं विचारलं, "जाता कधी?"

"आता नाही जात."

तिनं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. मग म्हणाली, "मंग थोडे तिकडं सरका. हे माही झोपाची जागा होय."

पुढच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली. खोली आता सारी रिकामी आहे. मी तरी सरकूनच झोपतो.