अक्रोडाची फांदी

रत्नागिरीहून अब्बा माझ्याकडे मस्कतला आले होते. गावाला त्यांची आंब्याची बाग आहे, म्हणून मी त्यांना जबल अखदरच्या डोंगरावर नेलं. माझ्या ऑफिसातल्या एका ओमानी मित्राच्या वडिलांची तिथे डाळिंबांची आणि अक्रोडांची बाग आहे. मार्च महिना होता, वर चांगलाच गारठा होता.

म्हाताऱ्या बागमालकांनी आम्हाला खजूर आणि कहवा दिला. अब्बांचं लक्ष मात्र समोरच्या अक्रोडाकडे होतं. "ही फांदी आजच छाटायला हवी. पानं फुटली की ऊन आत येणारच नाही," ते म्हणाले आणि हाताने कापायची खूण केली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आल्या आल्या यजमानांची चूक काढणारे अब्बा मला अगदी अडाणी वाटले. मी अरबीत सांगून टाकलं, "झाड फार सुंदर आहे, म्हणतात."

मालक हसले आणि अब्बांकडे वळून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "बाबा, अभी काटेगा तो पेड़ से बहुत पानी गिरेगा. पत्ता आने दो, फिर काटेगा."

अब्बा इतके खूश झाले! त्यांनी हिंदीतच आंब्याची छाटणी सांगायला घेतली आणि दोघं बोलत बोलत खालच्या झाडांकडे निघून गेले. मी कप हातात धरून तिथेच बसून राहिलो.

परतताना घाटात अब्बा म्हणाले, "तू 'जमील' म्हणालास, म्हणजे सुंदर. तेवढी अरबी मला कळते. माझी लाज वाटली का रे?"

"नाही अब्बा."

मस्कत येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवलं नाही.