काचेच्या तळाची होडी

त्या समुद्रकाठच्या शहरात सुट्टीला येणाऱ्यांना करमणुकीला तोटा नव्हता. आकाशपाळणा होता, पायाने मारायच्या होड्या होत्या, वाळूत फिरवणारे घोडे होते. पण समुद्राच्या पोटात काय चाललंय ते कपडे न भिजवता बघायचं, तर धक्क्याच्या टोकाला काचवाल्याकडेच यावं लागे. त्याच्या होडीच्या तळाला जाड काच होती, म्हणून तो काचवाला. होडी तोच हाकायचा, बोलायचाही तोच. बायको तिकिटं फाडायची आणि घाबरणाऱ्यांना हात धरून आत घ्यायची.

माणसं मासे बघायला यायची खरी, पण परत यायची ती त्याचं बोलणं ऐकायला. "हा पट्ट्यापट्ट्यांचा बघा. बायकोच्या धाकानं दिवसभर त्या कपारीतच बसून असतो. वहिनी, साहेबांकडे कशाला बघताय? मी माशाबद्दल बोलतोय!" होडीभर हशा पिकायचा. बायकोने हे शेकडो वेळा ऐकलं होतं. तरी ती तोंडाला पदर लावायचीच.

पन्नाशी उलटली आणि त्याला कडेचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "बघ, जन्मभर काचेवर पोट भरलं, आता काच डोळ्यातच बिऱ्हाड करून बसली."

ती हसली नाही. म्हणाली, "होडी मी हाकेन. तुम्ही तोंड चालवा. त्याला काही धाड भरलेली नाही."

आणि तिने खरंच परीक्षा देऊन परवाना काढला. खडकांवर आलं की ती इंजिन बंद करायची, त्याच्या शेजारी येऊन बसायची आणि हळूच सांगायची, "डावीकडे पिवळ्यांचा थवा." की याची गाडी सुरू. त्याला आता काचेच्या जागी नुसता एक उजळ डाग दिसे. पण तिच्या दोन शब्दांवर तो अख्खा समुद्र उभा करी.

पुढे मोठ्या जहाजांसाठी बंदर वाढवायला घेतलं. यंत्रांनी तळ उपसला, गाळ उठला तो बसेचना. खडक बुजले, मासे निघून गेले. हे तिने त्याला सांगितलं नाही; पूर्वीसारखीच त्याच्या कानाशी मासे सांगत राहिली. धक्क्यावर तिकीट देतानाच ती प्रवाशांना म्हणायची, "खाली आता फारसं काही दिसत नाही बरं का. पण आमच्या ह्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना हे ठाऊक नाही. बोलतात मात्र झकास. चालत असेल तर या." बरेचजण परत फिरायचे. जे यायचे ते सांभाळून घ्यायचे. तो पिवळा थवा म्हणाला की कुणी बाई "अगंबाई, किती ते!" म्हणायची, पोरंटोरं काचेवर बोट ठेवून ओरडायची.

अशी काही वर्षं गेली. गर्दी का रोडावली, असं त्याने विचारलं की ती म्हणे, "लोकांना आता पाळण्याचं वेड लागलंय."

एका दुपारी घाईघाईत एक गृहस्थ न ऐकताच आत येऊन बसले. काचवाला रंगात आला होता, तेवढ्यात ते कडाडले, "अहो, कसले मासे? चिखल आहे खाली नुसता! लुबाडता काय लोकांना?"

कुणीच काही बोललं नाही. त्या गप्प बसण्यावरून काचवाला काय ते समजला. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या होडीत त्याचं बोलणं अर्ध्यावर तुटलं.

घरी आल्यावर ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली. त्याने तो घेतला नाही.

"कधीपासून?"

"बंदराचं काम निघालं तेव्हापासून."

"म्हणजे एवढी वर्षं मी गावासमोर माकडचेष्टा करत होतो. आणि तू मजा बघत होतीस."

"मजा?" तिचा आवाज फाटला. "तुम्ही सकाळी उठून दाढी करत होता हो. शर्ट मागत होता. घरी बसला असता तर भिंतीकडे तोंड करून बसला असता."

त्याचा राग उतरला नाही. तो खरंच भिंतीकडे तोंड करून बसला. तिच्याशी कामापुरतं बोले, तेही तुटक. होडी धक्क्याला बांधून पडली.

शेवटी तीच एका संध्याकाळी म्हणाली, "चला, पाळण्यात बसू. या गावात जन्म गेला, लोकांना फिरवलं. मला कुणी फिरवलंय का?"

हे मात्र त्याला लागलं. तो मुकाट उठला. पाळणा वर जाऊ लागला तशी तिने त्याची बाही घट्ट धरली. अगदी वर गेल्यावर तो म्हणाला, "सांग काय दिसतं ते. खरं सांग."

ती सांगत गेली. गढूळ पाणी, धक्क्याच्या पार पुढे गेलेला भराव, आपल्या होडीचा उडालेला रंग. काही लपवलं नाही. सांगता सांगता तिला खोकल्याची उबळ आली. तो म्हणाला, "वारा लागला तुला," आणि आपला मफलर तिच्या गळ्यात गुंडाळला. उतरल्यावर ती पोरीसारखी म्हणाली, "अजून एकदा बसू या?" तो म्हणाला, "पुढच्या खेपेला."

पुढची खेप आली नाही. खोकला छातीत उतरला. इस्पितळात तिच्या नाकातोंडावर नळ्या होत्या, बोलायची सोय नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला दिसत नव्हतं, आणि ते विचारावं असं माणूस त्याला तिच्याशिवाय दुसरं नव्हतं; गावातच दिलेली लेक संध्याकाळी डबा घेऊन यायची, पण लेकीला हे त्याला विचारवत नव्हतं. तो नुसता तिचा हात कुरवाळत राहिला. एका सकाळी नर्सने तो हात अलगद सोडवून घेतला.

लेकीने त्याला आपल्या घरी नेलं. होडी एका बांधकामवाल्याने घेतली. काच काढून तळाला फळ्या ठोकल्या, आता तिच्यातून वाळू जाते. लेक, जावई, नातवंडं सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जायला निघतात, तेव्हा त्यालाही आग्रह करतात. "बाबा, नुसतं बाकावर बसा. तेवढीच हवा लागेल."

"तुम्ही या जाऊन," तो म्हणतो. मग दार ओढून घेतल्याचा आवाज येतो, जिन्यात नातवंडांची धावपळ ऐकू येते, आणि तो चाचपडत जाऊन समुद्राकडची खिडकी लावून घेतो.